विधिमंडळातून न्यायासनाकडे : बॅरिस्टर मुकुंदराव जयकर

प्रांताच्या किंवा राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेली व्यक्ती पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर बसल्याची उदाहरणे भारतात फार थोडी आहेत. त्यांतील सर्वांत परिचित नाव व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे. १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात ते कायदामंत्री होते आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. परंतु त्यांच्या कितीतरी आधी मुकुंद रामराव जयकर यांनी ही वाट चालून दाखवली होती, आणि त्यांच्यासमोर आलेल्या एका महत्त्वाच्या प्रकरणाचा संबंध तापीकाठच्या बुऱ्हाणपुराशीही येतो.

१८७३ मध्ये जन्मलेले जयकर मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत असतानाच राजकारणात आले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत ते गांधीजींबरोबर होते. १९२३ मध्ये ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले व तेथे त्यांनी पक्षाचे नेतृत्व केले; मात्र कौन्सिलात जाऊन केवळ अडवणूक करण्याचे धोरण त्यांना पटेना, म्हणून न. चिं. केळकर व डॉ. मुंजे यांच्यासह त्यांनी प्रतियोगी सहकारिता, म्हणजे सरकार जेवढे देईल तेवढे राबवून उरलेल्यासाठी झगडण्याची भूमिका, स्वीकारली. पुढे ते केंद्रीय कायदेमंडळात गेले आणि गोलमेज परिषदेतही त्यांनी भाग घेतला.

१९३५ च्या कायद्याने केंद्र व प्रांत यांच्यात अधिकारांची वाटणी केली आणि त्यांच्यातील वाद सोडविण्यासाठी १ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीत संघ न्यायालय, म्हणजेच आजच्या सर्वोच्च न्यायालयाचे पूर्वरूप, सुरू झाले. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, शाह मुहम्मद सुलेमान आणि जयकर असे तिघेच तेथे होते. पहिलाच मोठा प्रश्न मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या १९३८ च्या कायद्याने उभा केला. बुऱ्हाणपूर तेव्हा याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते, त्यामुळे पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर या कायद्याने बसवलेला कर तेथेही लागू होत होता. हा विक्रीकर आहे, म्हणून प्रांताचा आहे, की वस्तूच्या उत्पादनावर बसणारे, आणि म्हणून केंद्राचे, अबकारी शुल्कच वेगळ्या नावाने आले आहे, असा पेच होता. १९३८ च्या डिसेंबरात तिन्ही न्यायाधीशांनी कायदा वैध ठरवला. प्रांतिक कौन्सिलात अपुऱ्या अधिकारांची अडचण स्वतः अनुभवलेला माणूस त्या पीठावर होता, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. तरीही निकाल सहानुभूतीवर नव्हे, तर अधिकारसूचीतील नोंदींच्या अर्थावर आधारलेला होता, आणि जयकरांचे मोठेपण यातच आहे.

१९३९ मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. भारतातील अपिलांचा अंतिम निकाल त्या काळी तेथे लागत असे. नंतर ते संविधान सभेत काही काळ होते आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. लोकांचा प्रतिनिधी न्यायाधीश झाला की निःपक्षपातीपणा संपतो, ही सरसकट शंका त्यांच्या कारकिर्दीपुढे टिकत नाही.

१९३८ च्या त्या निकालाने आखलेली विभागणी पेट्रोलच्या बाबतीत अद्याप पुसलेली नाही : वस्तू व सेवा कर आल्यानंतरही बुऱ्हाणपूरच्या पंपावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि मध्य प्रदेशाचा मूल्यवर्धित कर वेगवेगळेच आकारले जातात.