कालगणनेची कुळकथा – लेखांक पाचवा : साठाचा शिरस्ता

हाताच्या बोटांवरून आलेले दशक हा गणनेचा स्वाभाविक पाया होय, हे गतांकी आपण पाहिले. परंतु १९५७ साली सोळा आण्यांचा रुपयादेखील शंभर पैशांचा झाला असता, एकट्या घड्याळानेच साठाची चाकरी का सोडिली नाही, याचा उलगडा करावयाचा तर वेधशाळेत न जाता, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी युफ्रेटिसच्या काठी नांदत असलेल्या उरुक नगराच्या देवस्थानाच्या कोठारात शिरले पाहिजे.

तेथील कारकुनांपुढे तत्त्वचिंतनाचा नव्हे, तर वाटणीचा प्रश्न होता. ओल्या मातीच्या वड्यांवर बोरू दाबून ते मेंढरे, मजूर व अवजारे यांची नोंद साठाच्या पटीत ठेवीत. धान्याची मापे मात्र निराळ्याच पटींनी चढत. पुढे वजनांतही साठ शेकेलांचा मिना व साठ मिनांचा टॅलेंट ठरला आणि ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमारास स्थानमूल्याची पद्धती सिद्ध झाली. तिची काटकसर पाहण्याजोगी आहे. चिन्हे दोनच : उभी पाचर एकाची, कोनाकृती खूण दहाची. पाच कोन व नऊ पाचरी मिळून एकोणसाठ झाले, की साठासाठी पुन्हा तीच उभी पाचर, केवळ एक घर डावीकडे. आणि शून्याचे चिन्ह आरंभी नसल्यामुळे एकटी पाचर एकाची, साठाची की छत्तीसशांची, हे संदर्भानेच ओळखावे लागे. आजचा हिशेबतपासनीस असल्या वहीवर सही करावयाचा नाही!

साठच का, याचे कारण चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या थिऑनने असे दिले, की इतके भाजक असलेली याहून लहान संख्या नाही. निमा, तिजाई, पाव, पाचवा, सहावा असे सर्व हिस्से साठातून निःशेष निघतात. पहिला हट्टी निघतो तो सातवा. मात्र यावरून साठाची सोय कळते, जन्म कळत नाही. कोणा पंडिताने भाजक मोजून हा अंक निवडला असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

आता कोठारातून काळाच्या मापाकडे वळू. चांद्रमास कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तिसांचा. पण शिधा व मजुरीच्या हिशेबाला असली अनिश्चिती परवडत नाही, म्हणून दफ्तरापुरते तीस दिवसांचे बारा महिने, म्हणजे ३६० दिवसांचे वर्ष धरण्यात आले. अहोरात्राचेही तसेच बारा 'बेरु' व प्रत्येकी तीस 'उश' पडले; आपल्या चार मिनिटांचा एक उश, आणि तेवढ्या अवधीत आकाश जवळजवळ एक अंश फिरते. चोवीस तास मात्र मिसरचे. तेथील लोक दहाच्या पद्धतीने मोजणारे. परंतु दिवसाचे बारा व रात्रीचे बारा असे भाग त्यांनीच पाडले, आणि ते ऋतूप्रमाणे लहानमोठे होत.

या दोन वारशांची सांगड ग्रीक ज्योतिषांनी घातली, आणि साठाला कायमचे वतन मिळाले ते येथे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या गणितात ख्रिस्तपूर्व ७२१ मध्ये, साठाचाच वारसा चालविणाऱ्या बाबिलोनमध्ये नोंदलेले चंद्रग्रहण आहे. असली जुनी नोंद ज्याला वापरावयाची, त्याला तिचे जुने चलनही पत्करणे भाग होते. हे चलन मोडण्याचा यत्नही पुढे झाला. १७९३ साली फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी दहा तासांचा दिवस व शंभर मिनिटांचा तास फर्माविला. १७९५ मध्ये ते फर्मान गुंडाळावे लागले. सरकार बदलले म्हणून कोष्टके बदलत नाहीत.

आपल्याकडे वेदांगज्योतिषातही अहोरात्राच्या साठ नाडिका, म्हणजेच घटी, आहेत. पाण्याच्या घंगाळात सोडलेले, बुडाशी छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र एकदा बुडाले की एक घटी, म्हणजे चोवीस मिनिटे, हे जुन्या लग्नघरांतून सर्वांस ठाऊक असे. हा साठ तिकडून आला की इकडेच उपजला, यावर विद्वानांचे एकमत नाही. तथापि बाबिलोनी ज्योतिषांनी काढलेले व पुढे ग्रीक ज्योतिषी हिपार्कसने स्वीकारलेले मध्यम चांद्रमासाचे मान त्यांच्या अंकलेखनात २९, ३१, ५०, ८, २० असे लिहिले जाई. आपल्या पंचांगकर्त्यास ते २९ दिवस, ३१ घटी, ५० पळे, ८ विपळे व वर विपळाचा तिसरा हिस्सा असे थेट वाचता येते (घटीची साठ पळे, पळाची साठ विपळे). सूर्यसिद्धान्ताचे मान याच क्रमाने २९, ३१, ५०, ७ असे येते. अंतर पडते ते सव्वा विपळाहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे अर्ध्या सेकंदाचे.