तक्रारीचे टाळ

भक्ती म्हटली की गंभीर मुद्रा, मिटलेले डोळे आणि आवाजात मुद्दाम आणलेला ओलावा, अशी सुशिक्षित मध्यमवर्गाची समजूत होऊन बसली आहे. आषाढीच्या वारीत दोन मुक्काम चालले तरी ती टिकत नाही. तेथे साठी उलटलेली माणसे रिंगणात फुगड्या घालतात, आणि घसरून पडलेल्याला हसणारेच आधी हात देतात. नाथांच्या भारुडांत विंचू येतो, जोशी येतो, नवऱ्याला विटलेली बायको येते. परमार्थ सांगण्याआधी ही मंडळी श्रोत्यांना मनमुराद हसवून घेतात.

परंतु या पंथाचे खरे शहाणपण पाहावयाचे तर ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीच्या तळावर सायंकाळी जावे. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. भिशी भरून एकत्र जेवणारी, राहुट्यांत दाटीवाटीने झोपणारी एवढी माणसे. कुरबुरी या व्हावयाच्याच. कोणाची राहुटी चिखलात पडते, कोणाला पाणी मिळत नाही, कोणाचा चालण्याचा क्रम चुकतो. मुक्कामी समाजआरतीसाठी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणार्धात टाळमृदंग शांत होतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती मात्र थांबत नाही, टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, समजूत घालतो. मग ते टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावे पुकारली जातात आणि त्यानंतर आरती होते.

येथे अर्ज नाही, आवक क्रमांक नाही, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे सरकणारा कागद नाही. तक्रार करणाऱ्यास कोणी श्रद्धाहीन म्हणत नाही. उलट त्याच्यासाठी देवाची आरती खोळंबते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचे रूप दिले. त्यांनी लष्करी शिस्त आणली, पण तीत दाद मागण्याची जागाही ठेवली. हे सोपे नव्हे. नुसती शिस्त लावणारे पुष्कळ असतात.

अर्थात प्रत्येक गाऱ्हाणे त्या वर्तुळात पोचले, असे मात्र नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंक्ती वेगळ्या होत्या, हे इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ या लेखात खेदाने नोंदविले आहे. चोखोबांचे गाऱ्हाणे तर त्याहून जुने. त्यांना देवळात प्रवेश नव्हता. 1338 मध्ये ते गेले आणि समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. हे टाळ पुढे सहाशे वर्षे वाजत राहिले, चोपदार काही तिकडे फिरकला नाही. अखेर 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि त्या वर्षी विठ्ठलमंदिर दलितांना खुले झाले. आज वारकरी चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवून मगच महाद्वाराची पायरी चढतात.