सरडगुहिऱ्याची निगा

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण दुसऱ्याच्या मर्यादा दाखविण्यासाठी वापरतो. परंतु ज्या सरड्याला माणूस पिंजऱ्यात ठेवतो, त्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होते. ते कुंपण हेच त्याचे सारे जग. ऊन, पाणी, सावली, अन्न आणि आडोसा यांपैकी कुंपणाच्या आत जे नसेल, ते त्याला कधीच मिळावयाचे नाही. म्हणून शॅमेलिऑन, म्हणजेच सरडगुहिरा, पाळू इच्छिणाऱ्याने प्रथम पिंजऱ्याचा विचार करावा.

त्याही आधी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. आपल्या झाडाझुडपांत शेपटीची गुंडाळी करून संथपणे वावरणारा भारतीय सरडगुहिरा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा होय. जखमी सरडगुहिरा आढळल्यास वनविभागास कळवावे. जगभर हौसेने पाळला जातो तो प्रामुख्याने येमेन व नैर्ऋत्य सौदी अरेबियातील, डोक्यावर उंच तुरा असलेला 'व्हेल्ड शॅमेलिऑन'. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी भारतात २०२४ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. तेव्हा कागदपत्रांवाचून कोणी विकत देऊ केल्यास घेऊ नये.

घर कसे असावे?

हा प्राणी वृक्षवासी आहे. त्याला लांबीपेक्षा उंची प्रिय. पूर्ण वाढलेल्या नरासाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच असा जाळीचा पिंजरा योग्य होय. जाळीची छिद्रे लहान व कडा गुळगुळीत असाव्यात, म्हणजे नखे अडकत नाहीत. बंद काचपेटीत हवा कोंडते, ओल साचते आणि श्वसनाचे विकार बळावतात. आत निरनिराळ्या जाडीच्या फांद्या आडव्या-तिरप्या बसवाव्यात. जास्वंदीचे झाड कुंडीसह ठेवावे. त्याची पाने हा प्राणी खातो. कण्हेरीसारखे विषारी झाड मात्र कदापि ठेवू नये. पिंजरा उंचावर ठेवावा, कारण वरून येणारी प्रत्येक आकृती त्याला शत्रू वाटते. दोन सरडगुहिरे एका पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे दोघांचेही आयुष्य कमी करणे होय. डासांवरील फवारे व उदबत्तीचा धूर त्या खोलीत नसावा.

ऊब आणि प्रकाश

सरड्याचे शरीर स्वतःची उष्णता राखू शकत नाही. पिंजऱ्याच्या वरच्या एका कोपऱ्यात दिव्याखाली सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान असावे व खालचा भाग त्याहून थंड असावा, म्हणजे तो आपली जागा आपणच निवडतो. दिवा जाळीबाहेर बसवावा आणि शेकावयाची फांदी त्यापासून वीतभर तरी दूर ठेवावी. बिलगून बसलेल्या प्राण्याची पाठ भाजते. ही दुखापत फार आढळते. दिल्ली वा नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीच तापत असल्याने उष्णतेचा दिवा बंद ठेवून खोली थंड राखणे आवश्यक ठरते.

याखेरीज अतिनील किरण देणारी नळी दिवसाचे सुमारे १२ तास हवी. या किरणांवाचून शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, चुना हाडांत मुरत नाही आणि पाय धनुष्याप्रमाणे वाकतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात. नळी डोळ्यांना उजळ दिसत असली तरी तिचे किरण क्षीण होत जातात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी.

पाणी व अन्न

वाटीतले स्थिर पाणी सरडगुहिऱ्याला सहसा ओळखू येत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून पहाटे व सायंकाळी पानांवर तुषार शिंपावेत आणि मधल्या वेळेत पिंजरा कोरडा होऊ द्यावा. त्याची विष्ठा हीच पाण्याची मोजपट्टी समजावी. तिच्यातील पांढरा भाग पांढराच असला तर पाणी पुरेसे आहे. तो नारिंगी झाला तर कमी पडते आहे.

रातकिडे व नाकतोडे हे मुख्य अन्न. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावा. त्या किड्यांना आधी पालेभाजी खाऊ घालावी आणि देताना त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी. फवारणी झालेल्या शेतातील किडे व काजवे देऊ नयेत. उरलेले रातकिडे रात्री काढून घ्यावेत, नाही तर ते झोपलेल्या सरड्यालाच चावतात.

मादीला नराची संगत नसली तरी ती अंडी घालते. वयात आलेल्या मादीसाठी सुमारे ३० सेंटिमीटर खोल ओलसर वाळूची पेटी ठेवावी. खणावयास जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडतात आणि मादी दगावते.

दुखणे कसे ओळखावे?

वाचकहो, हा प्राणी कण्हत नाही, ओरडत नाही. शत्रूला दुबळेपणा कळू नये म्हणून आजार लपवितो. त्याचे बोलणे डोळ्यांतून व कातडीतून चालते. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की मादागास्करच्या सरडगुहिऱ्याच्या त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलले की रंग बदलतो. हा बदल बहुधा लपण्यापेक्षा मनःस्थिती व उष्णतेशी निगडित असतो. दिव्याखाली शेकूनही जो दिवसभर काळवंडलेला राहतो, तो अस्वस्थ आहे असे समजावे. दिवसा मिटलेले डोळे, खोल गेलेले डोळे, उघडे तोंड व श्वासाचा आवाज, भक्ष्यावरून चुकणारी जीभ, फांदीवरची सुटणारी पकड यांपैकी काहीही दिसताच सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्यास त्याच दिवशी दाखवावे. खुणा दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

घरातील मुलांना हात लावण्याची इच्छा होणारच. त्यांना सांगावे, की हा प्राणी पाहण्यासाठी आहे, कुरवाळण्यासाठी नव्हे. हाताळणे त्याला संकटच वाटते. पिंजऱ्याला हात लागल्यास साबणाने धुवावेत, कारण सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांना तर दूरच ठेवावे.

रोज सकाळी पाच मिनिटे पिंजऱ्यासमोर शांत उभे राहून डोळे, पकड, रंग आणि विष्ठा पाहण्याचा परिपाठ ठेवावा. ज्याची धाव आपण घातलेल्या कुंपणापर्यंतच आहे, त्याला तेवढे लक्ष देणे हे आपले कर्तव्यच होय. ते जमणार नसेल, तर झाडावरचा सरडगुहिरा लांबून पाहावा. तो आनंदही काही कमी नाही.