विश्लेषण : ‘एफ’, ‘एम’ की ‘बी’? फाउंटन पेनच्या निबचे गणित काय आहे?

ऑनलाइन फाउंटन पेन मागवताना रंग ठरतो, किंमत ठरते आणि शेवटी एक प्रश्न उरतो. निब कोणती हवी? पर्याय असतात ‘ईएफ’, ‘एफ’, ‘एम’ आणि ‘बी’. बहुतेक जण मधली म्हणून ‘एम’वर बोट ठेवतात. पेन घरी येते तेव्हा वहीतले अक्षर जाडजूड दिसते, शाई मागच्या पानावर उमटते आणि हौसेने घेतलेले पेन महिनाभरात ड्रॉवरमध्ये जाते. दोष पेनचा नसतो, निवड चुकलेली असते. निबच्या आकाराबाबत संग्राहक इतके काटेकोर का असतात आणि मराठी लिहिणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, याचा आढावा.

निबचे ‘आकार’ दोन कसे?

फाउंटन पेनच्या जगात ‘निबची साइझ’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि पहिला घोळ तिथेच होतो. एक म्हणजे रेषेची जाडी. ती ‘एफ’, ‘एम’ अशा अक्षरांनी सांगतात. दुसरा म्हणजे निबच्या पत्र्याचा प्रत्यक्ष आकार, म्हणजे निब किती रुंद आणि किती लांब आहे. तो ५, ६, ८ अशा आकड्यांनी सांगतात. या दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. ६ क्रमांकाची भलीमोठी निबही केसासारखी बारीक रेषा काढू शकते आणि छोटी ५ क्रमांकाची निबही जाड लिहू शकते.

‘एफ’ किंवा ‘एम’ नेमके काय सांगते?

निबच्या अगदी टोकावर कठीण मिश्रधातूचा एक बारीकसा गोळा जोडलेला असतो. बोली भाषेत त्याला ‘इरिडियम’ म्हटले जाते. मात्र आजच्या अनेक निबमध्ये इरिडियम नसते, ऑस्मियम, रुथेनियम किंवा टंगस्टन असलेले मिश्रधातू असतात. हा गोळा किती मोठा आणि कसा घासला आहे, त्यावर रेषेची जाडी ठरते. ‘ईएफ’ म्हणजे अतिबारीक, ‘एफ’ बारीक, ‘एम’ मध्यम आणि ‘बी’ जाड. मात्र ‘एम’ म्हणजे अमुक इतके मिलिमीटर, असे सगळ्या कंपन्यांनी मिळून पाळलेले माप नाही. प्रत्येक कंपनी आपल्या पट्टीने ‘मध्यम’ ठरवते.

बॉलपेन वापरणाऱ्यांचा आणखी एक गोंधळ होतो. बॉलपेन किंवा जेल पेनवर छापलेला ०.५ किंवा ०.७ हा आकडा टोकाच्या गोळीचा व्यास असतो. कागदावरची रेषा त्याहून बारीक उमटते. त्यामुळे ०.७च्या जेल पेनची सवय असलेल्याने ०.७ मिमी रेषेची निब घेतली, तर अक्षर अपेक्षेपेक्षा बरेच जाड येते.

जपानी ‘एम’ आणि जर्मन ‘एम’ यांत फरक का?

सर्वसाधारणपणे जपानी निब युरोपीय निबपेक्षा एक पायरी बारीक असते. पायलट, सेलर किंवा प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची ‘एम’ निब अनेकदा लामी किंवा पेलिकन या जर्मन कंपन्यांच्या ‘एफ’च्या जवळ जाते. ढोबळ अंदाज द्यायचा तर जपानी ‘एफ’ साधारण ०.३ ते ०.४ मिमी आणि युरोपीय ‘एफ’ साधारण ०.५ ते ०.६ मिमी रेषा काढते. शाई आणि कागदानुसार हे आकडे थोडे पुढे-मागे होतात.

याचे कारण लिपीत आहे. जपानी लेखनातील कांजी चिन्हांत एका छोट्या चौकोनात दहा-पंधरा रेषाही येतात. रेषा जाड झाली की त्या एकमेकींत मिसळतात आणि चिन्ह वाचता येत नाही. रोमन लिपीत अक्षरे मोकळी असतात, जोडून लिहिली जातात. तिथे थोडी जाड आणि ओलसर रेषा हाताला सुखाची वाटते.

मराठीसाठी हा फरक महत्त्वाचा का?

देवनागरी या दोन्हींच्या मधली म्हणता येईल. अक्षर एका मजल्यावर राहत नाही. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर आणि खाली उकार किंवा ऋकार. ‘कर्तृत्व’ किंवा ‘दृष्टी’ हे शब्द साध्या एकेरी वहीच्या ओळीत बसवायचे तर त्या सात-आठ मिलिमीटरमध्येच सगळे मजले उभे करावे लागतात.

त्यात मराठी हस्ताक्षरात अनेक जण शिरोरेषा देत नाहीत. तेव्हा ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक केवळ एका छोट्या गाठीवर उरतो. रेषा जाड असेल तर ही गाठ शाईने भरून जाते आणि ‘धन’चे ‘घन’ होते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र, ‘द्ध’ आणि ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरे यांचीही हीच अडचण. म्हणून लहान अक्षर काढणाऱ्या मराठी लेखकाला जपानी ‘एफ’ किंवा ‘एम’, अथवा युरोपीय ‘ईएफ’ सोयीची पडते. अक्षर मोठे, टपोरे असेल तर युरोपीय ‘एफ’ किंवा ‘एम’ चालते. परीक्षेत किंवा कार्यालयीन कामात दुसऱ्याने वाचायचे असते, तिथे हा मुद्दा केवळ हौसेचा राहत नाही.

मग संग्राहक जाड निब का घेतात?

शाईसाठी. जाड रेषेत जास्त शाई कागदावर उतरते. त्यामुळे एकाच अक्षरात फिका आणि गडद अशा छटा दिसतात, काही शाईंना वाळल्यावर वेगळ्याच रंगाची चमक येते. बारीक निबमध्ये हे फारसे दिसत नाही. शाईच्या शौकिनांकडे म्हणूनच ‘बी’ किंवा ‘स्टब’ निबचे एखादे पेन असतेच. ‘स्टब’चे टोक गोल नसते, चपटे असते. त्यामुळे उभी रेषा जाड आणि आडवी बारीक येते. लामीच्या अशा निब १.१, १.५ आणि १.९ मिमी मापात येतात.

मात्र स्टब घेतली म्हणून बोरूसारखे अक्षर येईल, ही अपेक्षा चुकीची. देवनागरीसाठी बोरूचे टोक तिरके कापतात, त्यामुळे शिरोरेषा आणि काना दोन्ही भरीव येतात. सरळ कापाच्या स्टबने काना भरीव, पण शिरोरेषा बारीक येते.

जाड निब घेण्यामागे आणखी एक हिशेब असतो. जाड निब कारागिराकडून घासून बारीक किंवा चपटी करून घेता येते. बारीक निब जाड करता येत नाही, कारण टोकावर धातूच तेवढा नसतो.

५, ६, ८ हे आकडे कशाचे?

हे पत्र्याच्या आकाराचे. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या वॉटरमन कंपनीच्या ५२, ५४, ५६ या गाजलेल्या मॉडेलमधला शेवटचा आकडा निबचा आकार सांगत असे. आज जर्मनीच्या जोवो आणि बॉक या कंपन्या जगातील अनेक पेन उत्पादकांना निब पुरवतात आणि त्यांच्या ५ व ६ क्रमांकांच्या निब सर्वाधिक दिसतात. भारतात अनेकदा निबची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात. त्या भाषेत ३५ची निब म्हणजे साधारण ६ क्रमांक आणि ४०ची निब त्याहून मोठी.

इथेही सावध राहावे लागते. पायलटचे ५, १०, १५ हे स्वतःचे क्रमांक आहेत. पायलटची ५ क्रमांकाची निब आणि जोवोची ५ क्रमांकाची निब एकमेकींच्या जागी बसत नाहीत. जोवो आणि बॉक यांच्या ६ क्रमांकाच्या निब दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचे संपूर्ण बसवायचे भाग वेगळे असतात.

संग्राहकांना ६ क्रमांक आवडतो तो प्रामुख्याने दोन कारणांनी. जाडसर पेनवर तो प्रमाणात दिसतो आणि बदलायला निब सहज मिळते. निब बिघडली किंवा आवडली नाही, तर पेन टाकावे लागत नाही. लामीच्या सफारीसारख्या पेनातही निब ओढून काढता येते आणि दुसरी बसवता येते.

मोठी किंवा सोन्याची निब चांगली लिहिते का?

तसा नियम नाही. मोठी निब मऊ असेलच असे नाही. लवचीकपणा पत्र्याची जाडी, आकार आणि धातू यांवर ठरतो. निबवर ५८५ लिहिले असेल तर ते १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट. पूर्वीच्या आम्लयुक्त शाईने लोखंडी निब गंजत, म्हणून सोने वापरले गेले. स्टेनलेस स्टीलने ती अडचण बरीच कमी केली. कागदाला स्पर्श करतो तो टोकाचा गोळा, सोने नव्हे. तो नीट घासलेला असेल तर स्टीलची निबही तितकीच गुळगुळीत चालते.

भारतीय पेनात मोठ्या निब का दिसतात?

भारतात हाताने घडवलेल्या पेनांची स्वतंत्र परंपरा आहे. आंध्र प्रदेशातील राजमुंद्रीचे रत्नम पेन स्वदेशी चळवळीतून आले. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये पत्र लिहून या पेनची पोचपावती दिली होती. महाराष्ट्रात दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवात १९३१ मध्ये शाईच्या भुकटीपासून झाली. एबोनाइट या कडक रबरातून कातलेली, ड्रॉपरने थेट दांडीत शाई भरायची जाडजूड पेने ही आजही भारतीय कारागिरांची ओळख आहे. अशा पेनवर लहान निब खुजी दिसते. शिवाय दांडीत शाई भरपूर मावते, त्यामुळे जाड, ओलसर निबने शाई लवकर संपण्याची चिंता नसते.

पहिले पेन घेताना काय पाहावे?

आधी आपली वही पाहावी. साध्या कागदावर शाई फुटत असेल, तर बारीक निब घ्यावी. कागद जाड आहे म्हणजे शाई फुटणार नाही, असे नसते. जपानचा प्रसिद्ध तोमोए रिव्हर कागद अवघा ५२ जीएसएमचा असूनही फाउंटन पेनची शाई उत्तम पेलतो, कारण महत्त्व कागदावरच्या प्रक्रियेला असते.

मग आपले अक्षर पाहावे. ०.५च्या जेल पेनने लिहायला आवडत असेल, तर जपानी ‘एफ’पासून सुरुवात करावी. शक्य असेल तर दुकानात जाऊन, आपल्या वहीच्या पानावर, शाई भरलेल्या पेनने ‘ध, घ, भ, म’ लिहून पाहावे. गाठी मोकळ्या दिसल्या तर निब योग्य.

निब खरखरत असेल तर ती फरशीवर घासण्याचा जुना शालेय उपाय टाळावा. टोकावरचा गोळा अगदी छोटा असतो आणि एकदा झिजला की परत येत नाही. अनेकदा निबची दोन पाती वर-खाली झालेली असतात. भिंगातून पाहिल्यावर ते दिसते आणि जाणकार दुकानदार ती काही मिनिटांत जुळवून देतो. तरीही जमले नाही, तर पेन ड्रॉवरमध्ये टाकण्याआधी तिची निब वेगळी मिळते का, हे विचारावे. स्टीलची सुटी निब नव्या पेनपेक्षा बरीच स्वस्त पडते.