वीस लाख ठिपक्यांतला एक

महात्मा फुले मंडईत टोमॅटो घेताना आपण एकेक फळ उलटसुलट करून पाहतो. तिथून जवळच, बुधवार पेठेत टीव्ही किंवा मॉनिटर घ्यायला गेलो, तर वस्तू बंद खोक्यात हाती येते. पडद्यावरचा काळा ठिपका घरी गेल्यावर दिसतो. मग मला प्रश्न पडतो, वॉरंटीच्या लेखी तो 'दोष' आहे का?

आधी ठिपका कसा पडतो ते पाहू. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. एलसीडी पडद्यात प्रत्येक भागाला स्वतंत्र सूक्ष्म ट्रान्झिस्टर, म्हणजे एकूण 62 लाखांहून अधिक. त्यातला एखादा बिघडला, की तो भाग कायमचा काळा पडतो किंवा कायमचा पेटलेला राहतो.

कारखान्यांना शंभर टक्के निर्दोष पडदे परवडत नाहीत. म्हणून 2001 साली आयएसओ 13406-2 या मानकाने पडद्यांचे चार वर्ग केले. (2008मध्ये त्याची जागा 9241 मालिकेने घेतली.) पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात मात्र दर दहा लाख पिक्सेलमागे 2 सतत उजळ, 2 सतत काळे आणि 5 अर्धवट बिघडलेले पिक्सेल माफ असतात. फुल एचडीला हा हिशेब साधारण दुप्पट होतो. फोर-केला, पिक्सेल चौपट असल्याने, आणखी चौपट. पडदा जितका उंची, तितकी सूट मोठी!

2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' म्हणजे कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित असलेल्या दर्जातली उणीव. म्हणजेच आधी काय ठरलं, यावर सगळं अवलंबून. ठिपक्यांची अट खोक्यातल्या पुस्तिकेत असेल, तर पैसे मोजताना ती ग्राहकाला ठाऊकच नसते. माझ्या मते वादाचं मूळ इथे आहे.

बिंदुमाधव जोशींनी 1974मध्ये याच पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, ती ग्राहकाने जागं राहावं म्हणून. म्हणून या दिवाळीत पडदा घेणार असाल, तर किती ठिपक्यांवर बदलून मिळेल हे बिलावर लिहून घ्या. दुकानातच पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर लावून बघा. ठिपका दिसला तर फोटो काढा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पण तिथे बोलणार ते बिलावरचं अक्षर.