भंगारवाला ज्याला हात लावत नाही

बाटलीचे झुमके केले म्हणजे एक बाटली डम्पिंगला जाण्यापासून वाचली, हा सगळ्यात पक्का बसलेला समज. नवी मुंबईतल्या महिला मंडळांच्या आणि शाळांच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ कार्यशाळांत तो हमखास ऐकू येतो. पण पाण्याची स्वच्छ बाटली हा कचरा नाहीच. तिच्या बुडाशी त्रिकोणात 1 आकडा असेल तर ती पेट प्लास्टिकची. भंगारवाला ती किलोवर घेतो, पुढे तिचा धागा निघतो आणि धाग्याचं कापड होतं. झुमक्यांना तिच्यातलं दोन-चार ग्रॅम लागतं आणि त्यावर गोंद, चमकी, रंग चढला की तेवढं प्लास्टिक पुनर्वापरातून बादच होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनचंही तेच. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम बनवण्यापेक्षा जुनं वितळवण्यात सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: भंगारवाला ज्याचे पैसे देतो ते त्याला द्यावं आणि तो ज्याला हात लावत नाही त्याचे दागिने करावेत.

अशा वस्तू घरात भरपूर निघतात. शिंप्याकडची कातरण, जोडी हरवलेले कानातले, सुटी बटणं, हाताला होईनाशा झालेल्या बांगड्या. वेफर्सची चकचकीत पाकिटंही. त्यांत प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. ते वेगळं करणं परवडत नाही, म्हणून कोणी घेत नाही. घड्या घालून एकात एक ओवली की त्यांचा चांगला पट्टा होतो.

खणाच्या कातरणीची बांगडी करताना पट्टी बोटभर रुंद आणि उरेब कापावी. सरळ कापली तर गोलाईवर चुण्या पडतात. उरेब पट्टी ताणली जाते आणि अंगासरशी बसते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा आणि शेवटचं टोक बांगडीच्या आतल्या बाजूला टाक्याने पक्कं करायचं. नुसत्या गोंदावर सोडलं तर ते घामाने सुटतं.

असे दागिने हलके, खऱ्या दागिन्यांच्या पंक्तीला न बसणारे, हा दुसरा समज. कोल्हापुरी साजाच्या पोकळ सोन्याच्या मण्यांत लाख भरलेली असते. आणि नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला, बाळाच्या बोरन्हाणाला आपण हौसेने घालतो ते हलव्याचे दागिने तर साबुदाण्यावर किंवा तिळावर साखरेचे काटे चढवून केलेले. स्वयंपाकघरातल्या जिनसांचा दागिना आपल्याकडे मानाचाच आहे.

खरी काळजी घ्यायला हवी ती ‘घरातलंच तर आहे, त्याने काय होणार’ या समजाची. जुन्या इमिटेशन दागिन्यांचे हूक काढून नव्या कानातल्यांना लावले जातात. त्यांत निकेल असेल तर काहींच्या कानाला खाज सुटते, पाणी येतं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण असतं. बाकी दागिना कशाचाही करा, पण कानात जाणारी तार चांदीची किंवा सर्जिकल स्टीलची घ्या. जुन्या रंगवलेल्या लाकडाचे, खेळण्यांचे तुकडे लहान मुलांच्या गळ्यात नकोत. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही. मेणबत्तीच्या धगीवर पेटची पाकळी वळवता येते, मात्र पीव्हीसीचा पाइप किंवा वायरचं आवरण कधीही तापवू नका. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि डोळे-घसा जाळतो.

मोबाइलच्या सर्किटमधून घरी सोनं काढण्याचे व्हिडिओ पाहून कोणी आम्ल विकत आणू नये. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी सुमारे 79 हजार टन जुनी उपकरणं जमवली गेली, त्यांत 62 लाख मोबाइल होते. त्या सगळ्यातून सोनं निघालं 32 किलो, तेही कारखान्यांत. घरी निघतो तो विषारी धूर.

आणि नाण्याला भोक पाडून लोलक करायची कल्पना आवडत असेल, तर 2011च्या नाणे कायद्याने नाणी वितळवायला किंवा त्यांची मोडतोड करायला मनाई आहे. पुतळ्यांच्या माळेची हौस असेल तर जुनी पितळी बटणं ओवा. त्यांना भोकं आधीच असतात.