नवऱ्याच्या व्हिसावर राहणारी बायको

लंडन : ऐश्वर्या रायचा ‘प्रोव्होक्ड’ पाहिलेल्यांना किरणजित अहलुवालिया आठवत असेल. लग्न होऊन इंग्लंडला आलेल्या या पंजाबी बाईने दहा वर्षे मार खाल्ला. 1989 मध्ये तिने झोपलेल्या नवऱ्याला पेटवले, तो दगावला, तिला जन्मठेप झाली. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ संघटनेने तिची बाजू लावून धरली आणि 1992 मध्ये ती सुटली. ‘मग घर सोडून गेली का नाही?’ हा न्यायालयांचा लाडका प्रश्न त्या खटल्यानंतर जरा ओशाळला.

पुढे कायदा बराच शहाणा झाला. जोडीदाराला सतत धाकात ठेवणे, पगार काढून घेणे, माहेरी बोलू न देणे, अशी वागणूक इंग्लंड-वेल्समध्ये 2015 पासून गुन्हा ठरू शकते. अंगाला हात लावलेला नसला तरी पाच वर्षांपर्यंत कैद. 2021 च्या कायद्याने आर्थिक छळ व्याख्येत आणला आणि घरात हे सारे पाहणाऱ्या मुलांनाही पीडित मानले. (आर्थिक छळ भारताच्या 2005 च्या कायद्यात आधीपासून आहे. मात्र तो कायदा मुख्यतः दिवाणी दाद देणारा.)

एवढा बारकाईने विचार करणारे सरकार व्हिसाच्या खिडकीशी मात्र वेगळे वागते. पुण्याहून नोकरीला आलेल्या इंजिनिअरच्या बायकोचा मुक्काम नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो आणि तिला सरकारी भत्ते बंद. इथल्या आश्रयगृहांचा मोठा खर्च रहिवाशांच्या घरभाडे-भत्त्यातून निघतो. ज्या बाईला तो भत्ताच नाही, तिला जागा मिळणे कठीण. ‘पोलिसांत गेलीस तर व्हिसा घालवीन’ ही धमकीही पोकळ नाही, कारण पोलीस व्हिसा देणाऱ्या गृहखात्याला माहिती कळवू शकतात. त्याविरुद्ध याच साउथॉलच्या संघटनेने ‘लिबर्टी’ या नागरी हक्क संघटनेसह 2018 मध्ये रीतसर तक्रार केली होती.

स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा इस्तंबूल करार ब्रिटनने 2022 मध्ये मंजूर केला, तोही 59 वे कलम राखून ठेवून. स्थलांतरित पीडितांच्या वास्तव्याचे कलम नेमके तेच.

नवरा ब्रिटिश नागरिक असेल, तर छळ सिद्ध करून बायकोला स्वतंत्रपणे कायमचे राहण्याचा अर्ज करता येतो. नोकरीच्या किंवा विद्यार्थी-व्हिसावरच्या नवऱ्याच्या बायकोला फेब्रुवारी 2024 पासून मिळाले ते राहण्याचे तीन महिने आणि तेवढ्यापुरते भत्ते. कायमच्या वास्तव्याची वाट तिला नाही. तेवढ्या मुदतीत तिने दुसरा व्हिसा मिळवायचा किंवा भारतात परतायचे, मग मुलांच्या ताब्याचा दावा इथल्या न्यायालयात पडून का असेना.